उत्तर आलं, पण ते कशाचं? गणित अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपण जाहीर केलेला सुधारित आराखडा मी तीनदा वाचला. पहिल्या वाचनानंतर इतकी अस्वस्थ झाले की लगेच काही लिहायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचला. तिसऱ्यांदा जुना अभ्यासक्रम शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. ते आपल्याला आहे, पण उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांची मुलं हा विषय शिकणार आहेत त्यांनाही कळायला हवं की नेमकं काय काढून टाकलं जातंय.

वरवर पाहिलं तर कॅल्क्युलसच्या, म्हणजे बदलाच्या दराच्या आणि बारीक तुकड्यांच्या बेरजेच्या गणिताच्या, भागात काहीच कमी झालेलं नाही. लिमिटची (एखादी राशी ज्या किमतीकडे सरकत जाते तिची) सूत्रं आहेत, डेरिव्हेटिव्हचे (बदलाच्या दराचे) सगळे नियम आहेत, इंटिग्रेशनच्या (तुकड्यांच्या बेरजेच्या) साऱ्या पद्धती आहेत. मात्र बदलाचा दर म्हणजे काय हे समजावणारा सुरुवातीचा भाग, नियमांच्या सिद्धता आणि उपयोगांचं अख्खं प्रकरण यांच्यापुढे आता 'केवळ स्वयंअध्ययनासाठी' असा शेरा आला आहे. आणि परीक्षा पूर्णपणे पर्याय निवडण्याची: नव्वद मिनिटं, साठ प्रश्न. त्या शेऱ्याचा वर्गातला अर्थ प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तो भाग कुणी शिकवणार नाही आणि कुणी वाचणार नाही.

मी एकवीस वर्षं कॅल्क्युलस शिकवते आहे. पण हे पत्र मी लिहिते आहे ते त्याच्याही आधीच्या एका गोष्टीमुळे. शाळेच्या शेवटच्या वर्षी मला या विषयात पैकीच्या पैकी गुण होते. सूत्रांची वही तोंडपाठ होती. पदवीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर खडूने एक वेडीवाकडी रेघ काढली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर एका टाकीतलं पाणी. समीकरण नाही, आकडे नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणी सगळ्यात झपाट्याने केव्हा वाढतंय?" मी हात वर केला आणि म्हटलं, "सर, फंक्शन काय आहे?" ते म्हणाले, "हेच फंक्शन आहे."

फंक्शन, म्हणजे एक राशी दुसरीवर कशी अवलंबून आहे ते, माझ्या लेखी फक्त सूत्रच असायचं. मला उत्तर देता आलं नाही. रेघ जिथे सगळ्यात उभी चढत होती ती जागा डोळ्यांसमोर होती. पण दोन वर्षं जे 'डीवाय बाय डीएक्स', म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, मी हजार वेळा काढलं होतं ते आणि हा चढ एकच आहेत, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की आपल्याला गुण मिळाले ते नक्की कशाचे?

आपला आराखडा माझ्यासारखी मुलं मोठ्या संख्येने तयार करणार आहे. म्हणून माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

सगळ्यात मोठी तक्रार पहिली सांगते. या आराखड्यात डेरिव्हेटिव्हला नियम आहेत, पण अर्थ नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हात अतिशय तयार. साइनच्या आत लॉग, लॉगच्या आत वर्गमूळ, काहीही द्या, चेन रूल (एकात एक गुंतलेल्या फंक्शनांचा नियम) लावून ती दोन मिनिटांत उत्तर काढायची. एक दिवस मी तिला सूत्राऐवजी तक्ता दिला. भांड्यात गरम पाणी, आणि सुरुवातीपासून दर दोन मिनिटांनी थर्मामीटर पाहून लिहिलेलं तापमान: ८५, ७९.२, ७३.९, ६९.१, ६४.८, ६०.९ अंश सेल्सिअस. खोलीचं तापमान २५. प्रश्न एवढाच, की बरोबर चौथ्या मिनिटाला पाणी किती वेगाने निवतंय?

"मॅडम, सूत्र?"

"सूत्र नाही."

"मग डेरिव्हेटिव्ह कशाचं काढू?"

मी म्हटलं, सूत्र विसर. दुसऱ्या मिनिटापासून चौथ्यापर्यंत पाणी किती निवलं? ५.३ अंश. म्हणजे मिनिटाला २.६५. आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत? ४.८, म्हणजे मिनिटाला २.४. मग बरोबर चौथ्या मिनिटाला? ती थांबली. मग हळूच म्हणाली, "या दोन्हींच्या मधे कुठेतरी. अडीचच्या आसपास." मी विचारलं, आणखी नेमकं हवं असेल तर काय करशील? "तापमान दोन मिनिटांनी नको, दहा सेकंदांनी घ्यायचं. नाहीतर एका सेकंदाने. जितकं जवळ जाऊ तितकं..." आणि तिथे तिने पेन्सिल खाली ठेवली. "लिमिट म्हणजे हेच का?"

तिने लिमिटचे शेकडो प्रश्न सोडवले होते. लिमिट कशासाठी लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

आम्ही तिथेच थांबलो नाही. तिने आठव्या मिनिटाचा दर काढला. तो मिनिटाला सुमारे २.०५ अंश आला. मग मी तिला पाहायला सांगितलं, की त्या त्या क्षणी पाणी खोलीपेक्षा किती गरम होतं. चौथ्या मिनिटाला ४८.९ अंशांनी, आठव्याला ३९.८ अंशांनी. तिने निवण्याचा दर भागिले हा फरक असा भागाकार केला. दोन्ही वेळा उत्तर ०.०५१ च्या पुढे, जवळजवळ सारखंच. "म्हणजे पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकं ते झपाट्याने निवतं, आणि प्रमाण तेच राहतं." न्यूटनचा निवण्याचा नियम तिने भौतिकशास्त्रात वेगळं सूत्र म्हणून पाठ केला होता. आता तो तिने सहा आकड्यांमधून स्वतः शोधला. पुढे डिफरन्शियल इक्वेशनचं (बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणांचं) प्रकरण आलं तेव्हा तिला ते परकं वाटलं नाही, कारण ते समीकरण तिचं मराठीत आधीच म्हणून झालं होतं.

एवढ्याला चाळीस मिनिटं लागली. आपल्या आराखड्याप्रमाणे त्या चाळीस मिनिटांना एकही गुण नाही. मुलांचे आई-वडील मला उद्या विचारतील, की हे परीक्षेला नाही तर शिकवता कशाला? माझ्याकडे उत्तर आहे, पण आपला शेरा त्यांच्या बाजूने आहे.

दुसरी तक्रार सिद्धतांबद्दल. सिद्धता काढल्या की मुलांवरचं ओझं कमी होईल असं आपण म्हटलं आहे. माझा अनुभव उलटा आहे. कारण कळलेला नियम हलका असतो, नुसता पाठ केलेला जड. गुणाकाराचा नियम घ्या. दोन फंक्शनांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे दोघांच्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार, असं दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो. आपण लाल शाईने खोडतो आणि शून्य देतो. पण ही चूक मूर्खपणाची नाही. ज्याने हे शास्त्र घडवलं त्या लायब्निट्झनेच नोव्हेंबर १६७५ मधल्या आपल्या टिपणांत हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, की असं असेल का? आणि तपासून पाहून ते बरोबर नाही असं ठरवलं. माझ्या मुलांना तोच प्रश्न विचारायची आणि तसंच तपासायची संधी मिळायला हवी.

तपासणं अवघड नाही. एक आयत घ्या. लांबी वाढतेय, रुंदीही वाढतेय. क्षणभरात क्षेत्रफळात काय भर पडली? एका बाजूला एक लांब पट्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि कोपऱ्यात एक इवलासा तुकडा. क्षण जितका लहान घ्यावा तितका तो तुकडा पट्ट्यांच्या मानाने नगण्य होत जातो. उरतात दोन पट्ट्या, म्हणजेच नियमातली दोन पदं. एका मुलाने तर एककांवरूनच चूक पकडली. लांबी वाढण्याचा दर मीटर प्रतिसेकंद, रुंदीचाही तोच. दोघांचा गुणाकार केला तर चौरस मीटर भागिले सेकंदाचा वर्ग येतो. "क्षेत्रफळ वाढण्याचा दर असा कसा असेल?" असं त्याने विचारलं. हे विचारणाऱ्या मुलाला नियम पुन्हा कधी पाठ करावा लागत नाही.

याच ओघात आणखी एक सांगते, कारण तो प्रश्न मी विसरू शकत नाही. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं त्रिज्येनुसार डेरिव्हेटिव्ह काढलं की परीघ येतो. त्रिज्या किंचित वाढली की बाहेरून एक बारीक कडं चढतं, म्हणून. हे चित्र काढल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मग चौरसात परिमिती का येत नाही? बाजूच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन बाजूंइतकंच येतं, चार बाजू कुठे गेल्या?" सगळा वर्ग त्यावर तुटून पडला. एका मुलीने वहीवर चौरस काढला आणि तिला दिसलं, की एक कोपरा धरून बाजू वाढवली तर पट्टी दोनच बाजूंना चढते. चौरस मध्यापासून वाढवला, म्हणजे बाजूऐवजी अर्धी बाजू मोजली, तर पट्टी चारही बाजूंना चढते आणि परिमिती बरोबर मिळते. अर्ध्या बाजूच्या वर्गाची चौपट हे क्षेत्रफळ, आणि अर्ध्या बाजूची आठपट हा त्याचा दर. गणित जमलं. प्रश्न विचारणारा तो मुलगा गणितात 'साधारण' म्हणून ओळखला जायचा. आपल्या साठ प्रश्नांत त्याच्या प्रश्नाला जागा कुठे आहे?

तिसरी तक्रार क्रमाबद्दल. आराखडा लिमिटच्या सूत्रांपासून सुरू होतो, आणि ती सूत्रं कशासाठी लागली याचा मागमूसही नाही. या विषयाचा इतिहास नेमका उलट्या दिशेने गेला. आधी प्रश्न आले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा विचार केला, कारण दिवसभराची सरासरी गती चंद्रासारख्या भराभर बदलणाऱ्या गतीला पुरत नव्हती. हा शब्दच पाहा. तात्कालिक गती. डेरिव्हेटिव्हचा अर्थ दोन शब्दांत सांगणारी ही संज्ञा आपल्या भाषेत साडेआठशे वर्षांहून जास्त काळ आहे, आणि पाठ्यपुस्तकात ती एकदाही येत नाही. केरळातले गणिती माधव यांच्या परंपरेने अनंत श्रेणी (न संपणाऱ्या बेरजा) शोधल्या, आणि सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवांनी त्यांच्या उपपत्ती मल्याळममध्ये सविस्तर लिहिल्या. त्या ग्रंथाचं नावच युक्तिभाषा. युक्ती म्हणजे कारण, उपपत्ती. पुढे न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी वेगवेगळ्या वाटांनी या साऱ्याची एक पद्धत बांधली. लायब्निट्झचा पहिला लेख छापून आला तो १६८४ मध्ये. लिमिटची काटेकोर व्याख्या मात्र फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये आकाराला आणली, आणि जर्मन गणिती वायरश्ट्रासने त्यानंतर ती घट्ट केली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं थोर थोर गणिती त्या व्याख्येशिवाय काम करत होते. आणि आपण सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्या तासाला तिथे उभं करतो.

व्याख्या नको असं मी म्हणत नाही. ती लागते, आणि का लागते हे मुलं स्वतः विचारतात. दर वर्षी एकतरी मूल म्हणतंच, की आधी आपण एच ने, म्हणजे वेळेतल्या इवल्याशा बदलाने, भागतो, म्हणजे एच शून्य नाही. पुढच्या ओळीत एच शून्य धरून काढून टाकतो. मग तो शून्य आहे की नाही? हाच आक्षेप तत्त्वज्ञ बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर घेतला होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर द्यायला गणिताला शंभरएक वर्षं लागली. मी शाळेत असताना हाच प्रश्न विचारला होता. मला उत्तर मिळालं, "परीक्षेत येत नाही." मी पुन्हा कधी विचारला नाही. आपल्या नव्या आराखड्यात ते उत्तर आता अधिकृत झालं आहे, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

इंटिग्रेशनबद्दल थोडक्यात. ते आराखड्यात 'डिफरन्शिएशनची (डेरिव्हेटिव्ह काढण्याची) उलट क्रिया' एवढंच उरलं आहे, आणि शेवटी 'अधिक सी' (एक अज्ञात स्थिर संख्या) लिहायला विसरू नये अशी सूचना आहे. ते बेरीज आहे, बारीक बारीक तुकड्यांची बेरीज, हे कुठेच नाही. लायब्निट्झने त्याचं लांबट चिन्ह बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरावरून घेतलं, हेही नाही. गाडीत वेग दाखवणारा काटा असतो आणि कापलेलं अंतर दाखवणारा आकडा असतो. अंतराचा आकडा झाकून ठेवा आणि काट्यावरचा वेग दर दहा सेकंदांनी लिहून ठेवा. गाडी किती लांब गेली हे काढता येईल का? काट्याला झाकून अंतराच्या नोंदी ठेवल्या तर वेग काढता येईल का? हे दोन प्रश्न एकमेकांची उलट बाजू आहेत, आणि तेच कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय. मुलाला हे सांगायला अर्धा तास लागतो. आपण त्या प्रमेयाचं विधान ठेवलं आहे आणि अर्धा तास काढून घेतला आहे.

परीक्षेबद्दलची तक्रार मात्र सविस्तर सांगायला हवी. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत अनेकदा इंटिग्रेशन करावंच लागत नाही. चार पर्याय दिलेले असतात. एकेकाचं डेरिव्हेटिव्ह काढून पाहायचं, जुळला की खूण करायची. शिकवणी वर्गांत हे उघड शिकवतात, आणि मुलांना मी दोष देत नाही, कारण प्रश्नाला दीड मिनिट असेल तर तेच शहाणपणाचं आहे. पण मग त्या गुणांवरून काय मोजलं गेलं? आणि दुसरं: चिन्हांची ही खटपट यंत्रं फार पूर्वीपासून करतात. १९६१ मध्येच जेम्स स्लेगल यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असा प्रोग्राम लिहिला होता, जो पदवीच्या पहिल्या वर्षाच्या दर्जाचे इंटिग्रल सोडवायचा. आज ते काम खिशातला फोन क्षणात करतो. माणसाला यायलाच हवं ते हे, की समोरच्या परिस्थितीत कोणती राशी कशावर अवलंबून आहे हे ओळखणं, आलेलं उत्तर कशाचं आहे आणि ते संभवतं का हे जोखणं. जे यंत्र करतं ते आपण परीक्षेत ठेवलं, आणि जे माणसाने करायचं ते 'स्वयंअध्ययनासाठी' सोडलं.

उपयोगांचं प्रकरण आपण 'पुढील शिक्षणात येईल' म्हणून वगळलं आहे. पण यातली बहुतेक मुलं पुढे गणित शिकणार नाहीत. त्यांच्यासाठी हीच शेवटची संधी. २०२० मध्ये महासाथ आली तेव्हा जगभर साध्या माणसांसमोर रोज आलेख येत होते. रुग्णांची संख्या वाढतेय, पण वाढीचा वेग कमी होतोय, ही चांगली बातमी की वाईट? शाळेत कॅल्क्युलस शिकलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना तो फरक वाचता येत नव्हता. सेकंड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दराच्या बदलाचा दर, सगळ्यांनी काढलेलं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सांगितलं होतं, की महागाईच्या वाढीचा दर कमी होतोय. किमतींच्या हिशेबाने ते तिसऱ्या डेरिव्हेटिव्हबद्दलचं, म्हणजे दराच्या दराच्या दराबद्दलचं, विधान होतं. किमती तरीही वाढतच होत्या, आणि महागाईचा दरही वाढतच होता. अशा वाक्याला कान टवकारता येणं हे नागरिकाचं शिक्षण आहे.

कमाल-किमान, म्हणजे सगळ्यात मोठी किंवा लहान किंमत कुठे मिळते ते शोधणं, या भागाबद्दल एकच उदाहरण. १६१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने आपल्या दुसऱ्या लग्नासाठी पिंपभर वाइन घेतली. व्यापाऱ्याने भोकातून तिरकी काठी घालून, ती किती आत गेली त्यावरून किंमत सांगितली. केप्लरला ते पटेना, कारण निरनिराळ्या आकारांच्या पिंपांत काठी सारखीच आत जाऊ शकते. तो हिशेब करत बसला आणि १६१५ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. त्यात त्याच्या लक्षात आलं, की जिथे घनफळ सगळ्यात जास्त असतं त्याच्या आसपास आकार किंचित बदलला तरी घनफळात जवळजवळ फरक पडत नाही. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून कमाल काढायची, या नियमाचं कारण एवढंच आहे. माथ्यावर उभं राहिलं की पायाखालची जमीन सपाट असते. हे ऐकलेलं मूल 'डेरिव्हेटिव्ह शून्य का ठेवायचं?' या प्रश्नावर अडत नाही. न ऐकलेलं मूल ते कुठेही शून्य ठेवतं, अगदी कमाल टोकाच्या बिंदूवर असली तरी.

आपल्या अडचणी मला कळतात. उत्तरपत्रिका तपासायला माणसं कमी पडतात. तपासणीत समानता राहत नाही. अनेक शिक्षकांना स्वतःलाच हे असं शिकवलेलं नाही, आणि मी त्यांच्यातलीच एक होते. नियमांचा सराव हवा हेही मला मान्य आहे. हात बसलेला नसेल तर अर्थापर्यंत पोचताना मूल दमून जातं. शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड स्केंप यांनी १९७६ मध्ये गणितातल्या दोन प्रकारच्या समजेतला फरक मांडला. नव्या गावात काही ठरावीक वाटा पाठ करणं ही एक समज, आणि गावाचा नकाशा मनात तयार होणं ही दुसरी. पाठ केलेल्या वाटेवर एक वळण चुकलं की माणूस हरवतो. त्यांनीही मान्य केलं होतं, की पहिली समज लवकर येते आणि तिचं बक्षीस लगेच मिळतं. म्हणूनच परीक्षा कशी आहे याला एवढं महत्त्व येतं. आपण ज्याला गुण द्याल ते मुलं शिकतील.

तर माझ्या मागण्या अशा.

बदलाचा दर, नियमांमागची कारणं आणि उपयोग या तिन्ही भागांपुढचा 'केवळ स्वयंअध्ययनासाठी' हा शेरा काढून टाकावा. ही मागणी मान्य झाली नाही तर बाकीच्यांना फारसा अर्थ उरत नाही. वेळ पुरत नसेल तर इंटिग्रेशनच्या तीन-चार क्लिष्ट पद्धती कमी कराव्यात. त्यांची यादी मी करून द्यायला तयार आहे.

कॅल्क्युलसच्या एकूण गुणांपैकी किमान एक तृतीयांश गुण अशा प्रश्नांना असावेत, ज्यांत सूत्र दिलेलं नाही. तक्ता, आलेख किंवा शब्दांत सांगितलेली परिस्थिती द्यावी, आणि उत्तर एककासह व एका वाक्यातल्या अर्थासह मागावं. असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, हे खरं. म्हणून ते थोडे असू द्या. पण असू द्या.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक संकल्पना आधी प्रश्न म्हणून यावी, मग आकड्यांत, मग चित्रात, आणि सूत्र त्यानंतर. काटेकोर व्याख्या तिची गरज दिसल्यावर यावी. तात्कालिक गती ही संज्ञा पहिल्या पानावर असावी.

शिक्षकांसाठी प्रशिक्षण असावं, आणि त्यात आम्हाला भाषणं ऐकवण्याऐवजी गरम पाणी, थर्मामीटर, वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्या आणि आलेखाचा कागद द्यावा.

आणि हा निर्णय अंतिम करण्याआधी वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांची, आणि नुकतीच ही परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलांची, उघड बैठक घ्यावी. त्या तक्त्यावर काम केलेली माझी विद्यार्थिनी यायला तयार आहे. मी तिला विचारलं आहे.

या पत्रासोबत मी बारा नमुना प्रश्न जोडते आहे. त्यातला पहिला इथेही देते, म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला करून पाहता येईल. एक बाटली आहे, तळाशी रुंद, वर निमुळती होत गेलेली, आणि मान सरळ नळीसारखी. नळातून सारख्या धारेने पाणी पडतंय. पाण्याची उंची वेळेनुसार कशी वाढेल याचा आलेख काढा, आणि तो कुठे वाकडा व कुठे सरळ असेल ते कारणासह सांगा. हा प्रश्न मी आठवीच्या मुलांनाही दिला आहे आणि ज्यांचा कॅल्क्युलस पूर्ण शिकवून झाला आहे अशांनाही. समितीच्या प्रत्येक सदस्याने बैठकीपूर्वी तो एकदा कागदावर सोडवावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक गणितशिक्षिका